भाई, तुझी कालरेषा चुकली होती

भाई, तुझ्या बाराव्याचं जेवून आले आणि लिहायला बसले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सगळं झकास झालं होतं. पंगतीत जो तो तुझं गुणगान करत होता. भाईसारखो माणूस होवचो नाय, भाईन घराण्याचो इतिहास लिवलो, भाई होतो म्हणान आमका आमची पिढी कळली. बोलून झालं की प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघायचा, आता ही काय बोलते म्हणून. मी वडे खात राहिले. मला तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं नव्हतं आणि मेलेल्या माणसाच्या दारात वाईट बोलायची आपल्याकडे पद्धत नाही.

इथे कोणी पंगतीत बसलेलं नाही, म्हणून बोलते. मी तुझ्यावर रागावले आहे. तू गेल्यावर राग उतरेल असं वहिनी म्हणाली होती, पण तो काही उतरला नाही. तू माझा चुलतभाऊ, थोरल्या काकांचा मुलगा. मी धाकट्याची एकुलती एक. एका वाडीत, चार माडांच्या अंतरावर वाढलो. मुंबईची नोकरी संपवून तू मूळ घरात परत आलास तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. भांडायला हक्काचं माणूस आलं, असं मी बाबांना म्हटलंही होतं.

आल्याबरोबर तू ते काम हातात घेतलंस. जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ एकमेकांना चिकटवून पडवीच्या भिंतीभर कागद लावलास. वर लाल शाईने जगाची रेघ, खाली निळ्या शाईने आपल्या घराची. वर लढाया, साथी, मिठाचा सत्याग्रह, गिरण्यांचे संप. खाली आपली माणसं, कोण कधी जन्मलं, कोण मुंबईला गेलं, कोण परत आलं नाही. त्याला तू कालरेषा म्हणायचास. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. आपल्या घरातली माणसं भात लावत होती, काजू गोळा करत होती, त्यांचा आणि जगाच्या लढायांचा संबंध काय, असं मी विचारलं. तू म्हणालास, "गो सुमा, थांब. संबंध तुकाच दिसतलो."

आणि तो दिसला, हे मी कबूल करते. पणजीचंच घे. तिला सगळं घर पांढऱ्या पायाची म्हणायचं. लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत सासू गेली, दीर गेला, नणंद गेली. पुढची सगळी हयात ती देवाच्या खोलीत पाय ठेवत नव्हती, तिला ठेवू देत नव्हते. तिचं लग्न तू खालच्या रेघेवर मांडलंस आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलंस. प्लेगची साथ. गावंच्या गावं माणसं गेली होती तेव्हा, सगळ्या देशात. पणजीच्या पायाने देशभर माणसं मेली काय, असं तू विचारलंस. त्या दिवशी मी घरी येऊन पणजीच्या फोटोला हार घातला. मेलेल्या बाईला तू मोकळं केलंस, भाई. त्याबद्दल मी तुझी कायम ऋणी आहे, आणि म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं. पणजीला सोडवलंस आणि त्याच कागदावर आजीला अडकवलंस.

आपले आजोबा लढाईच्या काळात बोटीवर खलाशी होते. गेले ते लढाई संपेपर्यंत घरी आले नाहीत, हे तुझ्या रेघेवर पक्कं होतं, आणि ते खरंच आहे. थोरल्या काकांचं जन्मसाल पक्कं होतं, कारण त्यांची पत्रिका होती. माझ्या बाबांची पत्रिका नव्हती. ते जन्मले गावपळणीत. सगळं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर निघालेलं, माडाच्या झापांच्या खोपटात आजी बाळंत झाली, तिथे घड्याळ आणि पंचांग कोण बघणार होतं! शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्या पोरांना लावत होते तीच जून महिन्याची पहिली तारीख लावली. तेव्हा तो शाळेचा कागद तू मानला नाहीस, ते बरोबरच केलंस.

मग तू आजीचं बोलणं धरलंस. ती सांगायची, "थोरलो एका गावपळणीच्या वर्साक जल्माक इलो, आणि धाकटो त्येच्यानंतरच्या तिसऱ्या गावपळणीत." तू मनाशी म्हटलंस, गावपळण तीन वर्षांनी. तीन त्रिक नऊ. काकांच्या सालात नऊ मिळवलेस आणि माझ्या बाबांचा जन्म निळ्या शाईने ऐन लढाईच्या मधोमध टाकलास, जेव्हा आजोबा समुद्रावर कुठेतरी कोळसा ओढत होते.

हा हिशेब परक्या माणसाने केला असता तर मी समजून घेतलं असतं. आपल्या गावात जन्मलेलं शेंबडं पोरही सांगेल की गावपळण कॅलेंडर बघून होत नाही. देवाला कौल लावतात. उजवा पडला तर गाव निघतो, नाही पडला तर घरीच थांबतो आणि पुढच्या वर्षी परत विचारतो. तीन वर्षांनी म्हणायचं, ते देवाने मनात आणलं तर. चारही होतात, जास्तही होतात.

आणि तुला हे ऐकून माहीत होतं असंही नाही, तू ते भोगलं होतंस. आठवतं तुला? तू सातवीत असशील. सगळी तयारी झाली होती, आजीने चुलीसाठी शेणी बांधून ठेवल्या होत्या, तू तुझी लाल तुऱ्याची कोंबडी पाटीखाली झाकून खळ्यात बसला होतास आणि देवळातून निरोप आला, कौल झालो नाय. तू असा रडलास की त्या कोंबडीने अंग चोरून घेतलं. आजीने तुला पदराने पुसलं आणि म्हणाली, "अरे देवाक काय एस्टीचो टायम आसा? तो सांगात तेव्हा जावचा." आपण पुढच्या वर्षी गेलो. वेशीपलीकडे तीन दिवस मी तुझ्या खोपटात फुगड्या घातल्या आणि तू मला मासे भाजून घातलेस, अर्धे कच्चे. आयुष्यातले इतके चांगले दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

तो मुलगा मोठा होऊन तीन त्रिक नऊ करतो, याला मी काय म्हणू?

तू तो हिशेब केलास त्या वर्षीच्या चतुर्थीला सगळं घराणं जमलं होतं. तू मुद्दाम सणाच्या आधी कागद पुरा केला होतास, सगळ्यांना दाखवायला. बाबा नेहमीप्रमाणे माटवी बांधून मोकळे झाले होते. गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट नारळ, सुपारी, कवंडळाची फळं, हरणाची रानफुलं यांनी सजवायचा मान त्यांचा. त्यांच्या पिढीतल्या पुरुषांत तेच उरले होते. हातात दूर्वांची जुडी घेऊन ते पडवीत आले. तिथे आत्याचा मुंबईचा जावई कागदावरून बोट फिरवत होता. तो मोठ्याने म्हणाला, "अहो भाई, आजोबा बोटीवर गेले ते इथे. परत आले ते इथे. मग काका मधेच कुठून आले?"

दोघं-तिघं हसले. मुंबईकडच्या माणसांना काय, त्यांना गंमत वाटली. पण वाडीतल्या बायका हसल्या नाहीत, त्यांनी माना खाली घातल्या, आणि ते जास्त वाईट होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू तिथेच उभा होतास, खांबाला टेकून. एक वाक्य बोलायचं होतंस. हिशेब चुकलेलो आसतलो, एवढंच. तू काय म्हणालास ते तुला मी नंतर शंभर वेळा ऐकवलं आहे, आता शेवटचं ऐक. तू म्हणालास, "मी काही बोलत नाही, कालरेषा बोलते."

बाबांनी दूर्वा पाटावर ठेवल्या आणि ते घरी आले. आरतीला गेले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, "सुमा, आवशीन खोटा सांगल्यान असात काय गो?" सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्या मेलेल्या आईबद्दल पोरीला हे विचारतो. मी ताट सरकवलं आणि तशीच तुझ्याकडे आले.

त्यानंतर आपण किती भांडलो! मी तुला कौल न झालेलं ते वर्ष आठवून दिलं. तू म्हणालास, "एका वर्साचा सोड गो. सरासरी तीनच." मी म्हटलं, आजीच सांगायची की लढाईत भाताची टंचाई झाली तेव्हा एकदा गावाने विचारलं आणि कौल झाला नाही, लोक घरीच राहिले. तर तू डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून म्हणालास, "ता ऐकीव. पुरावो हाड, मगे बदलतंय." पुरावा मी आणायचा? अरे, मग तिसरी गावपळण हे तरी तुला कोणी सांगितलं होतं? आजीनेच ना? तिच्या तोंडातला तुझ्या हिशेबाला लागणारा शब्द खरा आणि तुझा हिशेब मोडणारा शब्द ऐकीव. हे मी तुला तोंडावर सांगितलं तेव्हा तू वहिनीला चहा ठेवायला सांगितलंस. तुला उत्तर नसलं की चहा लागायचा.

तू दुष्ट होतास असं मी म्हणणार नाही, म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. त्याच कागदावर तू स्वतः मॅट्रिकला नापास झालास ते ठळक निळ्या शाईने लिहिलं होतंस, सगळ्यांना दिसेल असं. थोरल्या काकांनी दारूपायी होडी विकली तेही लिहिलंस, आत्या रडली तरी पुसलं नाहीस. आपण कोणाची भीड ठेवत नाही याचा तुला गर्व होता. त्या गर्वापुढे माझा म्हातारा बाप तुला दिसला नाही. आणि आजी तर दिसायलाच नव्हती. नवरा वर्षानुवर्षं समुद्रावर, थोरला मुलगा पदराला, नाचणीच्या पेजेवर दिवस काढलेली बाई. तिने त्या वर्षांत मान वर करून कोणाकडे बघितलं नाही हे अख्खी वाडी सांगते. तिच्या नावावर तू हे चढवलंस, बसल्या बसल्या, चष्मा कपाळावर ठेवून.

शेवटी तू काय केलंस, तर पेन्सिलीने बाबांच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह काढलंस. मला बोलावून दाखवलंस आणि म्हणालास, "बघ, झाला समाधान?" तुला वाटलं तू केवढा मोठेपणा केलास. आधी नुसता चुकीचा ठिपका होता, एखाद्याच्या नजरेतून सुटलाही असता. आता येणारा-जाणारा त्या प्रश्नचिन्हापाशी थांबायचा आणि विचारायचा, ह्या काय? सगळ्या घराण्यात एकाच माणसापुढे प्रश्न, आणि तो माझा बाप.

पुढच्या चतुर्थीला माटवी बांधायला बाबा गेले नाहीत. तू बोलवायला आलास, एवढं खरं. पण काय बोललास? लहानपणापासून ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस त्या काकाशी तू तहसीलदार कचेरीत बोलावं तसं बोललास. "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हा अभ्यासाचा विषय आहे." बाबा नारळ सोलत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "रे भाई, संशय आसा तवसर त्या घरच्या देवाक माझो हात लागाचो नाय. तू तुझो अभ्यास कर." तू आलास तसा गेलास. संध्याकाळी तुमच्याकडे आरती सुरू झाली तेव्हा बाबा आमच्या कुंपणापाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी आतून बघत होते. त्या वेळी तू समोर असतास तर मी तुझ्या थोबाडीत दिली असती, थोरला भाऊ असलास तरी.

ते त्याच वर्षी गेले. मला भाऊ नाही, म्हणून सगळं करायला तूच पुढे झालास. मी नको म्हणायच्या अवस्थेत नव्हते. त्यानंतर आपण बोलत होतो, पण कामापुरतं. आंबे पाठवलेस, मी फणसाची साठं पाठवली. माझं दुखणं झालं तेव्हा तू कुडाळच्या डॉक्टरकडे घेऊन गेलास आणि वाटभर एक शब्द बोलला नाहीस, मीही नाही. मी मनात ठरवलं होतं की विषय तू काढायचा. तूही बहुतेक तसंच ठरवलं असणार. आणि मग तू सरळ मरूनच गेलास.

आज तुझं सपिंडी श्राद्ध होतं. तुझा निखिल मुंबईहून आलेला, जानवं सावरत खळ्यात बसला होता. मी उंबऱ्यापाशी बसले होते. भटजींनी विचारलं, "मृताच्या वडिलांचं नाव?" त्याने थोरल्या काकांचं सांगितलं. "आजोबांचं?" तो म्हणाला, "सखाराम." "पणजोबांचं?" तुझ्या मुलाला ते येईना, तो उठून पडवीत गेला आणि कागदावर बघून आला. मला त्याही स्थितीत बरं वाटलं, तुझा कागद उपयोगाला आला म्हणून. मग भटजींनी तुझा पिंड दर्भाने तोडून त्याचे भाग करायला लावले आणि निखिलने एकेक भाग उचलून काकांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या पिंडात मिळवला. मेलेला माणूस आपल्या बापात, आज्यात, पणज्यात मिळाला, आता तो त्यांचा.

आणि मला एकदम तुझे हात दिसले. हेच खळं, हीच जागा, बाबांच्या बाराव्याला. भटजी विचारत होते, मृताच्या वडिलांचं नाव? आणि तू म्हणालास, सखाराम. न थांबता, खणखणीत. मग बाबांच्या पिंडाचा पहिला भाग तू तुझ्या हाताने उचललास आणि आपल्या आजोबांच्या पिंडात मिळवलास, नीट, कडा राहू नये म्हणून अंगठ्याने दाबून. त्या दिवशी मी रडून रडून इतकी सुन्न झाले होते की हे डोळ्यांसमोर होऊन मला दिसलंच नाही.

तुला संशय असता तर तू ते केलं नसतंस. तू स्वतःच्या बापाची दारू भिंतीवर लिहिणारा माणूस, तू देवाब्राह्मणांसमोर खोटं नाव घेतलं नसतंस. हा इतिहासाचा पुरावा नव्हे, असं तू म्हणशील. नसू दे. तुझ्या मनात काय होतं त्याचा तरी आहे. तुला ठाऊक होतं, भाई. बाबा आजोबांचेच हे तुला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तू ते प्रश्नचिन्ह तसंच ठेवलंस, कारण ते काढलं असतं तर माझ्यापुढे हरलास असं झालं असतं.

मी तशीच उठले. इतक्या वर्षांनी मला तुझ्या तोंडावर मारायला मुद्दा मिळाला होता. पडवी ओलांडून तुझ्या खोलीकडे निघाले, तोंडात वाक्यसुद्धा तयार होतं, भाई, गावलो पुरावो, आता चहा मागू नको. दारात पोचल्यावर गुंडाळून ठेवलेली गादी बघितली. मी तिथेच खाली बसले आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडले. रागाने रडले असं मी वहिनीला सांगितलं. ती चहा ठेवायला गेली.

निखिल हात धुऊन आला. "आत्ये, काय झाला गो?" त्याला मी सगळं सांगितलं, तीन त्रिक नऊपासून पिंडापर्यंत. त्याने ऐकलं, तुझ्या टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं आणि कागदापुढे जाऊन ते प्रश्नचिन्ह पुसलं. लढाईतला निळा ठिपका पेनने खोडला आणि लढाई संपल्यानंतर नवा ठिपका देऊन बाबांचं नाव लिहिलं. मग मला म्हणाला, "बरोबर आसा मां?" मी होय म्हटलं. वहिनीने पुढ्यात ठेवलेला चहा अजून गरम होता.

एवढंच काम होतं, भाई. खुर्चीवरून उठून हात लांब करायचा होतास, बाबा बघायला होते तेव्हा.